बाबांच्या दगडावर आईचं नाव

१४ एप्रिल १९९०, शनिवार. चुना गाळायचा होता. ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्या मंडळीतली माणसं अंबरनाथच्या कबरस्तानात जाऊन आपापल्या घरच्या कबरी साफ करतात. तण उपटायचं, पडलेल्या विटा पुन्हा लावायच्या, वर चुन्याचा हात मारायचा. दुसऱ्या दिवशी सकाळची उपासना तिथंच होते, आणि प्रभू उठला त्या सकाळी आपली माणसं गवतात हरवलेली दिसू नयेत, असं सगळ्यांना वाटतं. मी कुळगावहून सकाळीच बुवापाड्यात आईकडे आले होते. तिनं कळीचा चुना पत्र्याच्या डब्यात भिजत घातला होता. जुन्या धोतराच्या फडक्यातून मी तो गाळला, चिमूटभर नीळ टाकली, आणि डबा उचलून आम्ही दोघी निघालो.

या सुट्टीसाठी मला शेठशी भांडावं लागलं होतं. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये तयार कपड्यांच्या कारखान्यात मी चेकर होते. शिवून आलेला प्रत्येक नग उलटासुलटा करून बघायचा, टाका सुटला असेल तर परत पाठवायचा, कापडच फाटलं असेल तर बाजूला टाकायचा. शेठ सिंधी, तोंडानं फटकळ. म्हणाला, "मरे हुए को तो छुट्टी ही छुट्टी है, दीदी. तेरे को किसलिए चाहिए?" मी म्हटलं, "उनका घर साफ करने." त्यानं कपाळाला हात लावला आणि सुट्टी दिली.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ते अंबरनाथच्याच एका कारखान्यात फिटर होते आणि मंडळीत पंच होते, पण त्यांची खरी ओळख मयतीच्या संदेशाची. पाळकसाहेब गावाला गेलेले असोत की हजर असोत, कुणी वारलं की घरचे म्हणत, दोन शब्द तुम्ही बोला. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत ख्रिस्ती घरांतल्या मयतीला बाबा उभे राहिले नाहीत असं क्वचितच झालं असेल. त्यांचा एक ठरलेला दृष्टान्त होता. ते म्हणत, मरण म्हणजे कारखान्याचा भोंगा. माणूस दिवसभर राबतो, हात तेलकट होतात, कंबर मोडते, पण त्याचा कान भोंग्याकडे असतो. तो वाजला की हत्यारं खाली ठेवायची, हात धुवायचे आणि घरी जायचं. घरी दिवा लावलेला असतो, ताट वाढलेलं असतं, बाप दारात उभा असतो. मग रडता कशाला? तुमचा माणूस घरी गेला.

कारखान्यातली दांडगी माणसं हे ऐकून हुंदके देत. मीही लहानपणी दिलेत. संदेश चांगला होता. माझं भांडण संदेशाशी नव्हतं.

बाबा हे सगळं आदल्या संध्याकाळी घरी म्हणून बघत. आई त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करत असे आणि ते खोलीत येरझाऱ्या घालत बोलत. 'घरी दिवा लावलेला असतो' या वाक्यावर ते थांबत, कारण तिथं लोक रडायला वेळ घेत. आईला सगळं पाठ होतं. पण खऱ्या भोंग्याला आमच्या घरात काय होई, ते मंडळीत कुणी पाहिलं नव्हतं. तो ऐकू आला की आई उठून उभी राही. पाणी तापलंय का, पितळी पुसलीय का, मुलं आवाज करत नाहीत ना, हे बघून ती दाराकडे तोंड करून थांबे. भाकरी जाड झाली असली तर बाबा तिला दाराबाहेर उभं करत, शेजाऱ्यांना दिसेल असं. हात उगारायचा असला तर मात्र दार लावून घेत.

ते दारू पीत नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना ते कारण सोयीचं पडतं. ते शुद्धीवर, जेवणाआधी प्रार्थना करून मारत. एकदा आईचं मनगट मोडलं. मंडळीत सांगितलं, नळावर पाय घसरला. पाळकसाहेबांनी तिच्या मनगटासाठी प्रार्थना केली आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन बाबा म्हणाले.

ते वारले तेव्हा पाळकसाहेबांनी त्यांचाच दृष्टान्त त्यांच्यावर वापरला. आमच्या भावाचा भोंगा वाजला, म्हणाले. सगळी माणसं रडली. आई रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. शेवटी पाळकसाहेब आईकडे वळून म्हणाले, "आणि एक दिवस आमची ही बहीण पैलतीरी आपल्या धन्याला भेटेल. मग ताटातूट नाही. कायमची भेट."

परतताना रिक्षात आईनं विचारलं, "कायमची म्हणजे?"

मी म्हणाले, "बोलायची पद्धत असते, आई."

"पद्धत नाही. ते खरं मानतात." ती म्हणाली, "मीपण मानते. तेच तर."

माझ्या लक्षात तेव्हा आलं. ज्याचा विश्वास नाही त्याला अशा वाक्यांचा त्रास होत नाही. तो घरी जाऊन चहा पितो. आईला सार्वकालिक जीवन म्हणजे शेजारच्या स्टेशनाइतकं खरं होतं. गाडी तिथं जाते हे तिला पक्कं माहीत होतं. फलाटावर कोण उभं असेल, एवढाच प्रश्न होता.

तर त्या शनिवारी आम्ही चुन्याचा डबा घेऊन कबरस्तानात पोचलो. धाकटा भाऊ आधीच आला होता. बाबांच्या कबरीवर त्यानं आम्हाला न सांगता दगड बसवला होता. काळा कडप्पा, घासून गुळगुळीत केलेला, वर क्रूस, अक्षरांत पांढरा रंग भरलेला. त्यावर एक टॉवेल झाकला होता, तो त्यानं आई जवळ आल्यावर काढला.

वर बाबांचं नाव, दोन तारखा. खाली आईचं नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा.

भाऊ खूश होता. "आमच्यात आता असंच करतात, आई. मुंबईकडे बघ जाऊन. उद्या उपासनेत पाळकसाहेब दगडावर प्रार्थना करणार."

आईनं दगड वाचला. मग म्हणाली, "मी जिवंत आहे."

"अगं, नंतरसाठी. जागा तर हीच आहे ना? म्हणून तर बाबांची कबर खोल खणून घेतली."

आमच्या कबरस्तानात जागा कमी. नवराबायकोला एकच कबर देतात, पहिला जातो त्याला खाली, दुसऱ्याला वर. हे सगळ्यांना माहीत असतं, पण माहीत असणं वेगळं आणि आपलं नाव दगडावर वाचणं वेगळं.

आई म्हणाली, "मी इथं येणार नाही. माझं नाव काढ."

"काढ म्हणजे? ती पाटी आहे का खडूची?"

"तू विचारलं होतंस तिला?" मी म्हणाले.

"तुला विचारायला हवं होतं, नाही का ताई? तू चेकर. पास करशील तर लागणार."

"मी कधीच रिजेक्ट केला असता."

आजूबाजूला माणसं कबरींवर वाकली होती. त्यांचे कुंचे थांबले. नेमके त्याच वेळी पाळकसाहेब उद्याच्या बाकांची सोय बघत तिथं आले. आईनं त्यांना हाक मारली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून सरळ विचारलं.

"पाळकसाहेब, शेवटच्या दिवशी मेलेले उठणार ना?"

"नक्की उठणार, मावशी."

"जिथं पुरलंय तिथूनच?"

"तसं आपण मानतो."

"मग मी डोळे उघडले की पहिलं तोंड कुणाचं दिसणार?"

पाळकसाहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारीला नवऱ्याची आठवण येतेय. "मावशी, तुमच्या धन्याचं. आणि मग प्रभूचं."

"मला आधी प्रभूचं बघायचंय," आई म्हणाली. "ह्यांचं मी चाळीस वर्षं बघितलंय."

कुणीतरी मागे खाकरलं. भाऊ म्हणाला, "आई, लोक आहेत." पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते खालच्या आवाजात समजावू लागले, की तिथलं आयुष्य इथल्यासारखं नाही, तिथं नवरा नाही, बायको नाही, लग्न नाही, हे शास्त्रातच सांगितलंय, तेव्हा काळजीचं कारण नाही.

"तिथं नवराबायको नाही," आई म्हणाली.

"नाही."

"मग इथं दगडावर का आहे?"

उत्तर नसलं की माणसं नियम सांगतात, पाळकसाहेबांनीही सांगितला. दगडावर नाव आहे तोवर पंच तिला दुसरी जागा देणार नाहीत, कारण तिची जागा आहेच. आणि उद्या एकदा दगडावर प्रार्थना झाली की त्याला हात लावता येत नाही. ही आमच्याकडची जुनी रीत, तिला मोडता घालायची कुणाची छाती नाही. तेव्हा काय ते घरच्या कर्त्या पुरुषानं आजच सांगावं. असं म्हणून त्यांनी भावाकडे पाहिलं.

भाऊ म्हणाला, "दगड आहे तसाच राहील."

"दुसरी जागा कुठली मागताय तुम्ही?" पाळकसाहेबांनी आईला विचारलं, जरा चिडूनच.

आईनं मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं बेवारशी आणि तान्ही मुलं पुरतात, दगड कुणालाच नसतो. "तिथं. एकटीला. उठेपर्यंत तरी एकटी झोपते."

आम्ही कबरीला चुना न मारताच परत आलो. डबा मी दुसऱ्या कुणाला देऊन टाकला.

बुवापाड्यात त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती होती. निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, लाऊडस्पीकर. आईची शेजारीण बौद्ध, नवरा गवंडी. आमच्या चुलत घराण्यातलेही निम्मे छप्पन्नला तिकडे गेले, निम्मे आम्ही इकडे राहिलो, त्यामुळे तिचं आमचं येणंजाणं सख्ख्यासारखं. ती खीर घेऊन आली आणि आईचं तोंड बघून खाली बसली. मी तिला झालेलं सांगितलं.

"म्हणजे तुमच्यात मेल्यावरपण एकाच खोलीत राहावं लागतं?" ती म्हणाली. "आमच्यात बरंय बाई. जाळलं की मोकळं."

आई दिवसभरात पहिल्यांदा हसली. "तुम्हाला पुढचा जन्म नाही म्हणता ना?"

"नाही. हाच एक पुरे झाला."

"आम्हाला आहे," आई म्हणाली. "एकच. पण तो संपत नाही."

शेजारीण खिरीची वाटी पुढे सरकवत म्हणाली, "मग तर नीट जागा बघून घे."

संध्याकाळी भाऊ आला. चपला न काढता दारातच उभा राहिला. त्याचं म्हणणं असं, की आईनं चारचौघांत बाबांची अब्रू घालवली. लोक बोलतायत. उन्हाळ्यात पंचांची निवड आहे, तो उभा राहणार आहे, आणि बापाच्या दगडावरून घरात तमाशा होतो ही गोष्ट त्याला शोभणारी नाही.

"म्हणजे दगड निवडणुकीचा आहे," मी म्हणाले.

"तू गप्प बस. तू लग्न करून कुळगावला गेलीस. मयतीचं सगळं मी केलं."

"मनगटाच्या वेळी दवाखान्यात मी गेले होते. तू कॅरम खेळत होतास."

"मी लहान होतो."

"मी काय मोठी होते?"

तो आईकडे बघून म्हणाला, "आई, मीपण मार खाल्लाय. तुला माहितेय. पण ते संपलं ना? मला वाटलं, एक जागा तरी असावी जिथं तुम्ही दोघं भांडत नाही."

तो खरं बोलत होता, हे मला तेव्हाही कळलं. त्यामुळे माझा राग कमी झाला नाही. मी म्हणाले, "ते कधी भांडलेच नाहीत. एक मारत होता, एक मार खात होती. तुला ते भांडण वाटत असेल तर तू पंच होऊ नकोस."

तो निघून गेला. जाताना म्हणाला, "उद्या प्रार्थना होणार. बघतो कोण अडवतं."

आईनं देवाकडे बघावं तसं छताकडे बघितलं आणि म्हणाली, "मी उद्या उभी राहून सांगते सगळ्यांना."

"सांगू नकोस," मी म्हणाले. "तू रडशील, आणि ते म्हणतील, बिचारी दुःखानं वेडी झाली. नवऱ्यावर फार जीव होता."

हे तिला पटलं. मंडळीतल्या बायका काय म्हणतात हे आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं.

मरणाबद्दल मी आजवर पुष्कळ संदेश ऐकलेत. बाबांचे ऐकले, पाळकांचे ऐकले, पुढे भावाचेही ऐकले. तोही तोच भोंगा वाजवतो. सगळे एक गोष्ट विसरतात. मयतीला समोर बसलेल्यांत कुणीतरी असं असतं की ज्याला गेलेल्या माणसाला पुन्हा भेटायचं नाही. त्याच्यासाठी सांत्वन म्हणून कुणी काही तयार करून आणत नाही. त्याला 'भेट होईल' म्हणून धमकावून घरी पाठवतात. माझा पुनरुत्थानावर विश्वास आहे, आणि तो बाबांच्या दृष्टान्तामुळे नाही. आईसारख्या माणसाला इथं मिळालं ते एवढंच असेल, तर देव शेठपेक्षाही वाईट हिशेबी ठरेल, आणि तो तसा नाही असं मी मानते. पण मग त्या दिवशी नग उलटासुलटा करून बघितला जाईल, हेही मानायला हवं. आतली शिवण दिसेल. ज्यांनी वरून इस्त्री केली त्यांनी तेवढं लक्षात ठेवावं. बाबांचं तिथं काय होईल ते ठरवायला मी बसलेली नाही. त्यांना क्षमा मिळाली असेल तर देवाच्या मर्जीनं मिळो. ती आईनं त्यांच्या अंगावर झोपून द्यावी, असं मात्र कुठं लिहिलेलं नाही.

हे सगळं मी तेव्हा असं मांडून बघितलं नव्हतं. तेव्हा मी शेजारणीच्या दारात गेले. तिचा नवरा मिरवणुकीसाठी नवा सदरा घालून बसला होता. मी विचारलं, "भाऊजी, कडप्प्यावरची अक्षरं काढायची तर काय लागतं?"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. बायकोनं त्याला सांगितलेलं असावं. "बारीक छिन्नी. आडवी धरायची, हलक्या हातानं मारायचं. जोरात माराल तर दगड तडकेल." पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढून दिली. "मी येऊ का?"

"नको. तुम्ही आलात तर ते दुसऱ्याच गोष्टीवर भांडतील."

"तेपण खरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास मी कबरस्तानात पोचले. राखणदार फाटक उघडत होता. त्याला वाटलं, फुलं घालायला आले असेन. मी बाबांच्या दगडापुढे गुडघे टेकून बसले आणि आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. कडप्पा कपच्या-कपच्यांनी सुटतो. पहिलं अक्षर निघायला वेळ लागला, मग हाताला अंदाज आला. जन्मसाल काढलं. आडवी रेघही काढली. एका कोपऱ्याचा टवका जास्त उडाला, तो बाबांच्या बाजूचा होता. त्याला इलाज नव्हता.

माणसं येऊ लागली तेव्हा माझं काम संपत आलं होतं. भाऊ धावत आला. दगडाकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं.

"तू मला मेलीस, ताई," तो म्हणाला.

"बरं. मग मलापण भिंतीलगतच ठेव."

पाळकसाहेब झगा घालून, पुस्तक काखेत धरून आले. मागे पंच, मागे गाणारी पोरं, बायका. सगळे थांबले. मी उठून उभी राहिले, गुडघे झटकले आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की आईचं नाव मी काढलंय, दगडावर अजून प्रार्थना झालेली नाही म्हणून काढलंय, आता या दगडावर ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी खुशाल प्रार्थना करावी, आणि आईचं नाव आता या दगडावर नसल्यामुळे पंचांनी तिला दुसरी जागा द्यायची आहे. एक म्हातारे पंच म्हणाले, "पोरी, बापाच्या कबरीवर हत्यार चालवतेस?" मी म्हणाले, "माझ्या आईच्या नावावर चालवलं. बाबांचं नाव वाचून बघा, जसंच्या तसं आहे."

पाळकसाहेबांनी दगड वाचला. खूप वेळ वाचला, दोनच ओळी होत्या तरी. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि एकाच नावानं प्रार्थना केली. आमेन सगळे म्हणाले, मीपण म्हणाले.

आई मागे, पांढरं लुगडं नेसून उभी होती. गाणी संपेपर्यंत मी तिच्या शेजारी उभी राहिले. प्रभू उठला आहे, असं पाळकसाहेब म्हणाले. खरोखर उठला आहे, असं आम्ही म्हणालो. मग चहाच्या किटलीपाशी गर्दी झाली, आमच्याकडे कुणी आलं नाही. मी आईला घेऊन भिंतीकडे गेले. तिनं पायानं जागा दाखवली, इथून इथपर्यंत. मी पडलेले चार दगड उचलून आणले, चार कोपऱ्यांना ठेवले आणि मधलं गवत उपटायला बसले.